लिंबाखालचा पत्थर

खालच्या कांडपवाल्याने आज मशीन सुरू केलं आणि माझं डोकं फिरलं. जालन्यात मस्तगडाला आमच्या घराच्या बरोबर खाली मसाला कांडायचं दुकान आहे. वर्षभर तो बिचारा हळद, धने असलं काहीतरी निरुपद्रवी कांडत असतो. पण होळी जवळ आली, उन्हाला धार चढली, की लाल मिरचीची पोती येऊन पडतात आणि सगळी गल्ली शिंकायला लागते. नवरा खिडक्या लावत फिरतो. मुलगी नाकाला रुमाल बांधून अभ्यासाला बसते. मी मात्र लावलेली खिडकी उघडते आणि तिथेच उभी राहते. "अगं, काय चाललंय तुझं?" नवरा खोकत विचारतो. आता काय सांगणार? सुगी आली हे कळायला मला कॅलेंडर लागत नाही. हा ठसका नाकात गेला की माझे पाय घरात ठरत नाहीत. घासलेली भांडी परत घासते, लावलेलं कपाट परत लावते, शाळेत फळ्यावर भलतीच तारीख लिहिते आणि पोरं खुसखुसतात.

यंदा तर जास्तच. कारण गावाकडच्या तरुण पोरांनी मला एक काम लावून दिलंय. परतूरजवळच्या आमच्या शेतात लिंबाखाली, म्हणजे कडुलिंबाखाली, एक म्हसोबा आहे. पोरांना त्याला ओटा बांधायचाय, वर पत्र्याचं छत टाकायचंय आणि पुढे चांगली संगमरवरी पाटी लावायचीय. पाटीवर देवाचा इतिहास. "शकूताई, तुम्ही शाळेत मराठी शिकवता. चार ओळी लिहून द्या की, झकास."

चार ओळी! त्या म्हसोबाचा इतिहास मला इतका पक्का ठाऊक आहे की एक अक्षर लिहिता येत नाहीये. कारण तो इतिहास लाल मिरचीचा आहे, धन्यांचा आहे, मिऱ्यांचा आहे आणि बोकडाच्या मांडीचा आहे.

आधी मसाला सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. सुगी सुरू व्हायच्या आत आई माळवदावर मिरच्या घालायची. कडकडीत वाळल्या की देठं खुडायची आणि दिवसभर कोणाच्या डोळ्यांना हात लावायची नाही. मग कढईत एकेक जिन्नस कोरडाच भाजायचा. धने आधी, मिरे नंतर, कबाबचिनी त्याच्यामागून, आणि दगडफूल अगदी शेवटी, कढई नुसती दाखवून काढायचं. सुंठ कुटून वेगळी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेंदाड. कपाशीच्या रानात आपोआप उगवणारं हे आंबट फळ कोणी फारसं विचारत नाही. आई त्याच्या काचऱ्या करून उन्हात वाळवायची आणि त्यांची पूड मसाल्यात घालायची. जून बोकडाचं मासही त्या पुडीनं नरम यायचं. या मसाल्यात पाणी नाही, तेल नाही, दही नाही, कांदालसूणही नाही. "वल्लं वाटण रश्श्याला," माझे वडील, आबा, म्हणायचे, "भाजायचं तर कोरडंच." त्यावर आई आतून विचारायची, "आन कोरडं कोन कांडून देतं? बाप्ये का?"

हा मसाला वर्षातून एका दुपारसाठी व्हायचा. ज्वारी काढून झाली, कणसं मोडून झाली, कडब्याच्या पेंढ्या बांधून गंजी रचली, की त्या दुपारी परतूरहून हमीदचाचा यायचे. चाचांचं परतूरला मटणाचं दुकान. आमच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरंच होती, आणि कळपातली बोकडं घ्यायला आधी चाचांचे वडील यायचे, मग चाचा यायला लागले. पुढं आबांनी मेंढरं विकून नांगर धरला. देण्याघेण्याला काही उरलं नाही, तरी चाचा येतच राहिले. मोटारसायकलच्या हँडलला डबा, डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेले पारचे. पारचे म्हणजे मांडीच्या मासाचे तळहाताएवढे पसरट काप. सुऱ्याच्या पाठीनं ठोकून ठोकून चाचा ते असे करायचे की उन्हात धरले तर पलीकडचा उजेड दिसावा.

विहिरीजवळच्या लिंबाखाली तीन दगड मांडून बाभळीचा जाळ व्हायचा. निखारे होईपर्यंत आबा पारच्यांना मसाला चोळायचे. लेकराच्या अंगाला तेल चोळावं तसं, घाई नाही, जोर नाही, कडेपासून मधे आणि मधून कडेला. मासाच्याच ओलाव्यानं मसाला धरला पाहिजे आणि जास्तीचा झडून गेला पाहिजे. मग निखाऱ्यांवर पाटासारखा सपाट पत्थर चढायचा. चाचा बोटांनी पाण्याचा थेंब उडवायचे. थेंब नुसता फुस्स झाला तर थांबायचं. पत्थरावर टणाटण पळायला लागला की पारचा टाकायचा. काय तो आवाज! आणि मग तो वास. धन्यांचा आधी, मिरचीचा मागून, आणि त्याच्याखाली भाजत्या चरबीचा. आख्ख्या रानाला भूक लागायची. पारचा एकदाच पलटायचा, बस्स. मी एकदा परत उलथनं लावायला गेले तर चाचा खवळले, "अरे नक्को छेड उसकू! सो राह्यला है, सोने दे."

आणि मग भांडण. दरवर्षी, न चुकता, मिठावरून. आबांचं म्हणणं, मीठ मसाल्यातच पाहिजे, म्हणजे आत मुरतं. चाचांचं म्हणणं, "मीठ पहले डाला तो पानी छूटता. पानी छूटा तो भुनता नई, उबलता. उबालना है तो पत्थर कायकू, पातेला ला!" दोघांपैकी कोणी इंचभर हललं नाही. शेवटी अर्धे पारचे आबांच्या रीतीनं, अर्धे चाचांच्या रीतीनं व्हायचे. मग मला विचारायचे, बोल, कोणाचे चांगले? मी लबाड. दोन्हीकडचे परत परत मागून खायची आणि म्हणायची, अजून नीट कळलं नाही.

ही दोन माणसं एरवी एकमेकांना फोन करायची नाहीत. सुखदुःखाचं बोलायची नाहीत. बाजारात भेटली तर "काय?" "काय न्हाई," एवढ्यावर पुढं जायची. त्यांचं काय ते बोलणं त्या दुपारी, त्या पत्थरापाशी. मीठ, आगीची धग, बोकडाचं वय, आणि त्याच्या आडून बाकी सगळं. चाचांच्या धाकट्या भावाचं वारणं मला तिथंच कळलं, आबांनी एक एकर विकायचं मनात आणलंय तेही तिथंच.

पत्थर चाचांचा होता, म्हणजे त्यांच्या वडिलांचा. वडिलांनी तरुणपणी हैद्राबादहून आणलेला, तिकडच्या लालसर करड्या दगडाचा. आमच्याकडचा काळा दगड तापवला की फुटतो, त्याची कपची उडते. हा कधी तडकला नाही. "हैदराबाद का पत्थर है, ऐसावैसा नई!" हे चाचा वर्षातून एकदा तरी साऱ्या रानाला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचे. न्यायला आणायला जड, म्हणून तो आमच्याच शेतात लिंबाच्या बुडाशी पालथा पडून असायचा.

मग आई आजारी पडली. जालन्याच्या दवाखान्यात तिला ठेवलं होतं आणि डॉक्टर आमच्याशी बोलताना फाइलकडे बघून बोलायचे. आबा बाहेरच्या बाकावर बसून असायचे. त्या बाकावर बसून ते नवस बोलले, ही आपल्या पायानं घरी चालत आली तर माळ घालीन. आपल्याला सगळ्यात प्रिय काय ते द्यावं लागतं ना, नाहीतर नवस कसला? आबांना काय प्रिय होतं ते सगळ्यांनाच माहीत होतं. आई खरंच चालत घरी आली. आबांनी त्याच आठवड्यात गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मासमटण संपलं. आईला मात्र डॉक्टरांनी ताकदीसाठी पायाचं सूप सांगितलेलं. ती वाटी तोंडाला लावायची आणि आबांकडे बघून म्हणायची, "नवस तुम्ही बोलला. म्या कुठं घातली माळ?" आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. आबाही हसायचे, पण लगेच उठून बाहेर जायचे.

चाचांना हे आबांनी सांगितलंच नाही. चाचांना ते बाजारात कोणा तिसऱ्याकडून कळलं.

त्याच्यानंतरची जी सुगी आली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. बाकीच्या सगळ्या सुग्या एकमेकीत मिसळून गेल्यात, ही एकच वेगळी उभी आहे. आईची काळजी म्हणून मी शनिवारी शाळा सुटली की परतूरच्या गाडीत बसायची. पण घरी पोहोचले की आई ठणठणीत आणि आबा आजारी असल्यासारखे. आजार नव्हता काही. नुसती तगमग. ज्वारी काढणीला आलेली, बाया कामाला लागलेल्या, आणि आबा बांधावरून इकडून तिकडं फिरतायत. बसले की रिकामे तळहात एकमेकांवर चोळायचे. एकदा मी विचारलं, "आबा, हात दुखतायत का?" तर चपापून हात मांडीखाली घेतले. परतूरला बाजाराला गेले की चाचांच्या दुकानाच्या अलीकडच्या गल्लीतून वळायचे. मला राग यायचा. अहो, माळ घातलीय, गुन्हा नाही केला! पण असं बापाला बोलता येतं थोडंच?

पत्थर त्यांनी विहिरीवर नेला, राख आणि काथ्या घेऊन घासघास घासला. इतक्या वर्षांची चरबी, मिरची आणि धूर दगडाच्या अंगातच मुरलेला, तो काय निघतो? लालकाळा झाला तो तसाच राहिला. मग आबांनी तो लिंबाच्या खोडाला टेकवून उभा करून ठेवला.

"उभा कशाला केला?" मी विचारलं.

"पालथा दिसला की हात जातो," आबा म्हणाले.

उभा केला आणि तिथंच घोळ झाला. आमच्याकडे ज्वारी काढायला दरवर्षी सरूबाई यायची, बायांची म्होरकी. तोंडानं फटकळ, हातानं चपळ, आबांना दादा म्हणणारी. एका सकाळी लिंबाजवळच्या तासात तिनं धाट उपटायला हात घातला तर मुळाशी घोणस. फुत्कारली, म्हणे, आणि अंगावर यायच्या ऐवजी वळली, उभ्या पत्थराला वळसा घातला आणि बांधाच्या बिळात गेली. बाया किंचाळत पळाल्या. सरूबाई मात्र पत्थरापुढं बसली आणि हात जोडले. आबा त्या दिवशी परतूरला गेले होते. येऊन बघतात तर पत्थर शेंदरानं लालभडक, पुढं नारळ, लिंबू, हळदकुंकू. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रानातल्या बाया आल्या. आठवडा गेला नाही तर गावात सगळे "लिंबाखालचा म्हसोबा" म्हणायला लागले. शेताच्या बांधावर शेंदूर लागलेला दगड उभा दिसला, की आमच्याकडे पुढचं कोणी विचारत नाही.

शनिवारी मी गेले तर आबा मला एसटीच्या थांब्यावरच न्यायला आलेले. असं कधी व्हायचं नाही.

"शकू, लई घोळ झाला."

सगळं ऐकून मला आधी हसू आलं. "मग सांगून टाका ना तो कशाचा पत्थर आहे."

"काय सांगू? ज्याच्या पाया बाया पडून राह्यल्या, त्याच्यावर म्या जिंदगीभर मटन भाजलं म्हणून? आन कवा सांगू? पह्यल्या दिशी बोललो असतो तर गोष्ट येगळी. आता नारळं फुटलेत." थोडं चालल्यावर म्हणाले, "आन हमीदचा फोन आल्ता."

चाचांनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, पोराचं लग्न ठरलंय, वलीम्याच्या जेवणाला पारचे करायचेत. तुला पत्थर आता लागत न्हाई. माझ्या बापाची चीज हाये, माझ्या घरी ऱ्हाऊ दे. रविवारी येतो. आणि आबा म्हणाले होते, ये.

मग माझं हसू मावळलं. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? दिवस असे आहेत की कोणीतरी मोबाइल काढतं, चार ओळी टाकतं, आणि दोन म्हाताऱ्यांच्या घरगुती गोष्टीचं भलतंच काहीतरी होऊन बसतं. खाटकाचा पत्थर, त्याला शेंदूर, नेणारा कोण, कुठं, कशाला... एकेक शब्द सुटा घेतला तरी अंगावर काटा येत होता. पण आबांची भीती ही नव्हतीच. आबा, चाचांचा सख्या, घरी येईपर्यंत दोनदा तेच बोलले, "हमीदला वाटंल, पत्थर द्यायचा न्हाई म्हणून सख्यानं देव करून ठुला. बापाची चीज दाबली म्हणंल." इतक्या वर्षांत ज्या माणसाशी एका पैशाचा वाद झाला नाही, तो आपल्याला चोर समजेल, याने माझा बाप पोखरून निघाला होता. त्या दिवशी त्यांनी भाकरी अर्धी टाकली.

रविवार. उन्हं कलायला लागलेली. चाचांची मोटारसायकल बांधापर्यंत आली. हँडलला डबा नव्हता. मागच्या सीटवर रिकामं बारदान बांधलेलं, पत्थर गुंडाळायला. आबा लिंबाखाली उभे. चाचा बारदान काखेत घेऊन पुढं आले, आणि त्यांना पत्थर दिसला. ताजा शेंदूर, झेंडूची माळ.

चाचा थांबले. पत्थराकडे बघितलं. आबांकडे बघितलं. परत पत्थराकडे. मी सांगायला पुढं होणार, एवढ्यात कडब्याच्या गंजीमागून सरूबाई आली, हातात फडफडणारा कोंबडा उलटा धरलेला.

"चाचा, बरं झालं बाई, तुम्हीच आलात! म्हसोबाचा नवस हाये. दादांनी माळ घातलेली, त्यांना कापा कसं म्हनू? तेवढं कोंबडं कापून द्या जल्दी."

यात आमच्याकडे नवल काही नाही. जत्रेतली बोकडं कापायला मुसलमान माणूसच येतो, तोच बिस्मिल्ला म्हणतो, मग सगळं गाव जेवतं. सरूबाईनं समोर खाटीक दिसला म्हणून विचारलं, इतकंच. पण इथं ज्याच्या बापाचा पत्थर, त्यालाच त्या पत्थरापुढं नवसाचं कोंबडं कापायला सांगत होती बाई!

चाचांनी बारदान खाली ठेवलं. विहिरीवर जाऊन हात धुतले, किती वेळ धुतले. मोटारसायकलच्या डिकीतून सुरी आणली. "पकड, बराबर पकड," सरूबाईला म्हणाले. तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणाले आणि काम केलं. सरूबाईनं दोन थेंब पत्थरावर शिंपडले, पदर लावून नमस्कार केला आणि कोंबडं घेऊन बायांकडे चुलीपाशी गेली.

"हमीद," आबा म्हणाले. "म्या न्हाई केलं रे हे."

"मालूम है," चाचा म्हणाले. "तेरे में इतनी अक्कल कहाँ?"

मी तोंडावर हात दाबला. आबांना हसावं का रडावं कळेना. चाचा सुरी पुसत पत्थराकडे बघत राहिले. "मेरा बाप जिंदगीभर बोलता था, ये पत्थर बैठ के खायेगा एक दिन. ले, बैठ के खा राह्यला." मग जरा वेळाने, मराठीत, खालच्या आवाजात म्हणाले, "पत्थराचं काय न्हाई सख्या. माळ घातली ते सांगायचं व्हतं रे. मला बाजारात दुसरा माणूस सांगतो."

आबा खाली बघून म्हणाले, "तुला सांगाया आलो असतो तर माळ घालनं झालं नसतं."

लिंबावर साळुंक्या ओरडत होत्या. चाचांनी बारदान उचललं. मला वाटलं, संपलं, निघाले. त्यांनी त्या बारदानाची नीट घडी घातली, लिंबाच्या सावलीत टाकली आणि तिच्यावर बसले. बाजूला हात आपटून आबांना म्हणाले, "बैठ." आबा बसले. मला तेव्हा रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

पलीकडे बायांच्या चुलीवर कोंबडीला उकळी फुटली, वास सुटला. गंमत अशी की देवापुढचं म्हणून चाचा खाणार नव्हते आणि माळ म्हणून आबा खाणार नव्हते. आख्ख्या पंचक्रोशीत मास भाजण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नाही, ते दोघं वास घेत उपाशी बसलेले! आई घरून टोपलं घेऊन आली आणि दोघांना असं बसलेलं बघून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बसा आता दोघं बी. म्हसोबानं बराबर जागा दावली तुमाला." टोपल्यात भाकरी होत्या, मोठाली वांगी होती, तवा होता आणि डबीत मसाला होता. तिनं तो त्याही वर्षी कांडलेला होता, कोणाला न सांगता. "कशाला कांडला?" आबांनी विचारलं. "सवय," आई म्हणाली.

चाचांनी स्वतःची सुरी बाजूला सारली. "वो नक्को. वहिनी, तुमची विळी द्या." विळीवर त्यांनी वांग्याचे उभे, पसरट काप केले, अगदी पारच्यासारखे. आबांनी डबी उघडली, वास घेतला, आणि त्यांचे ते रिकामे तळहात कामाला लागले. कडेपासून मधे, मधून कडेला. तवा तापला. थेंब पळाला. आणि आबांनी मिठाची चिमूट उचलली.

"अरे! अभी नक्को!"

"मुरलं पायजे."

"वांगे में क्या मुरता? पानी छूटेगा!"

"तुझ्या बोकडाला सुटत असंल. हे माझ्या रानातलं वांगं हाये."

अर्धे काप असे झाले, अर्धे तसे. मला विचारलं, कोणाचे चांगले? मी म्हटलं, अजून नीट कळलं नाही.

वलीम्याला चाचांनी लोखंडी जाळी आणली. चव आली नाही असं ते अजून सांगतात. त्यानंतर प्रत्येक सुगीला सरूबाई म्हसोबाला कोंबडा देते, कापायला चाचा येतात, आणि मग दोघं बारदानावर बसून वांगी भाजतात, भांडतात. आता चाचांचे गुडघे गेलेत, मुलगा गाडीवर आणून सोडतो. आबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे भांडण जरा मोठ्यानं होतं एवढंच. पत्थराचं गुपित आम्हा चौघांत राहिलं. माझ्या मनात मात्र ते दर सुगीला खालच्या मिरचीबरोबर उडायचं. कोणाला कळलं तर? कोणी विचारलं तर? आणि यंदा ही पाटी.

मी आबांना फोन केला. "तू शिकलेली, तूच बघ," आबा म्हणाले आणि आईच्या हातात फोन देऊन मोकळे झाले. चाचांना केला. "मेरा नाम मत डाल बेटा," ते म्हणाले. "पण झूट बी मत लिख. देवाची पाटी हाये." घ्या! नाव घालायचं नाही आणि खोटंही लिहायचं नाही. रोज शाळेत पोरांना निबंध लिहायला लावणारी मी, आठवडाभर चार ओळींसाठी तळमळतेय.

शनिवारी मसाल्याचा पुडा पिशवीत घालून परतूरची गाडी धरली. आईला आता मिरच्या निवडणं होत नाही, म्हणून गेली काही वर्षं मीच खालच्याकडून कांडून नेते. शेंदाडाच्या काचऱ्या आई देते. गाडीत समोरच्या बाईला ठसका लागला, तिनं पदर नाकाला लावून माझ्याकडे संशयानं बघितलं. बाहेर कडब्याच्या गंज्या, उघडी पडलेली रानं, धुळीची एखादी वावटळ. मी खिडकीतून बाहेर बघत पाटीच्या ओळी जुळवत होते आणि खोडत होते. "हे स्थान अत्यंत प्राचीन आहे." खोटं. "हे जागृत देवस्थान..." माझी मलाच लाज वाटली.

शेतात सगळं तयार होतं. लिंबाखाली बारदान, त्यावर दोघं म्हातारे. मी सरूबाईला गंजीमागं गाठलं. आता ती कामाला येत नाही, सून येते. ही नुसती नवस फेडायला येते. मी विचार केला, पहिला शेंदूर हिनं लावला, निदान हिच्याच तोंडून ऐकलेलं लिहावं.

"सरूबाई, पाटीवर लिहायचंय. तुला हा देव कसा सापडला, सांग बरं."

"घोणस वळली की. तुला ठाव हाये."

"ते झालं. पण त्याच्या आधी... म्हणजे तुला तेव्हा काही वेगळं जाणवलं का?"

सरूबाईनं कोंबड्याचे पाय दुसऱ्या हातात घेतले आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी शाळेत एखाद्या ढ पोराकडे बघते.

"वास आल्ता की मटनाचा."

"मग? तुला माहीत होतं? तो कशाचा पत्थर आहे ते?"

"आता गं बया! इतक्या सुग्या म्या इथं ज्वारी काढली. दरसाल चाचा बोंबलून सांगत व्हते, हैदराबाद का पत्थर है म्हणून. म्या काय बहिरी हाये का?"

"आणि तरी शेंदूर लावलास?"

"साप कुनापुढून वळला, तुझ्यापुढून? त्याच्यापुढून वळला ना? मंग." तिनं कपाळाला हात लावला. "आन म्हसोबाला मटनाचा वास न्हाई यायचा तर काय उदबत्तीचा यायचा? तुम्ही शिकलेली मानसं लई इचार करता बाई. गावात समद्यांनाच ठाव हाये. दादा आन चाचा लपवून राह्यले, म्हणून आम्ही बी बोललो न्हाई. म्हातारी मानसं, कशाला लाजवायची?"

मी कडब्यावर बसले. इतक्या सुग्या! आबांचं ते बांधावरून फिरणं, माझी ती झोपमोड, मोबाइलची धास्ती, सगळं एका गावानं पदराखाली झाकून ठेवलं होतं आणि आम्हालाच कळलं नव्हतं. हसू येत होतं, आणि डोळ्यांतून पाणीही. मसाल्याचा पुडा मांडीवर होताच, त्यामुळे कोणाला काही सांगावं लागलं नाही.

"पण पाटीवर लिहू काय?" मी नाक पुसत विचारलं. "चाचा म्हणतात नाव नको, आणि खोटंही नको."

"त्यात काय? लिव्ह, देव हैद्राबादहून आला," सरूबाई म्हणाली, आणि कोंबडा घेऊन लिंबाकडे चालायला लागली. "चाचा, उठा! जल्दी कापा, आन मंग भांडा मिठावरून किती भांडायचं ते."